आराम नाही

बेळगावात ‘आराम नाही’ म्हणजे बरं नाही. कानडीतलं ‘आरामिल्ल’ आमच्या मराठीत येऊन असं बसलंय की ते बाहेरचं आहे हेही आता कुणाच्या लक्षात येत नाही. भेटल्यावर ‘आराम हाईस?’ म्हणून विचारायचं, आणि खाडा झाला की ‘आराम नव्हता ओ’ म्हणून सांगायचं.

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पुण्याहून एक पर्सोनेल मॅनेजर आले, त्यांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात फेटलिंगमधला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा, एक पोरगा त्यांच्यासमोर जाऊन म्हणाला, “साहेब, दोन दिवस आराम नव्हता, म्हणून आलो नाही.” साहेब चक्रावले. “घरी आराम नव्हता? मग इथं मिळतो का आराम?” पोरगा अगदी सरळ मनानं म्हणाला, “इथं कुठला ओ आराम!” त्यावर साहेबांचा चेहरा असा काही झाला की मी मस्टर तोंडापुढं धरलं.

उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी 31 वर्षं काढली. 1988 ला लागलो, 2019 ला सुटलो. काम एवढंच: कोण आला, कोण नाही आला, आणि नाही आला तर का. खिडकीतून मला माणसाचा चेहरा आणि चिठ्ठी धरलेला एक हात दिसायचा, बाकी काही नाही. सुरुवातीला पत्र्याच्या खणांतली कार्डं होती आणि कार्ड घातलं की ठण्णकन वाजणारं घड्याळ. मग अंगठ्याचं मशीन आलं, आणि पहिले दोन महिने नुसता गोंधळ. मोल्डिंगवाले म्हणजे वाळूचे साचे करणारे, त्यांच्या आणि ग्राइंडिंगवाल्यांच्या बोटांवर रेघाच राहिल्या नव्हत्या. वाळूनं कधीच घासून नेलेल्या. माणूस मशीनपुढं उभा, अंगठा पँटला पुसतोय, ओला करतोय, परत ठेवतोय, आणि मशीन त्याला ओळख देत नाही. वीस-वीस वर्षं रोज आलेली माणसं त्या महिन्यांत कागदावर गैरहजर पडली. मी पेनानं एकेकाला परत हजर केलं.

मस्टरला लागून माझी एक वही असायची. तीत नाव, तारीख आणि ‘कारण’. या कारणाच्या रकान्यात मी 31 वर्षांत मुख्यत्वे चारच शब्द लिहिले: ताप, पोट, कंबर, अंगदुखी. माणसाच्या देहाला किती तऱ्हेची दुखणी लागतात, पण कामगाराला म्हणे चारच. त्यातही ताप सगळ्यात सोयीचा, कारण दुसऱ्या दिवशी तो उतरलेला असला तरी कुणी खोटं म्हणू शकत नाही. बारा महिने तेरा काळ ‘व्हायरल फीवर’ लिहून देणारा एक डॉक्टरही होता. त्याचं अक्षर मला माझ्या बायकोच्या अक्षरापेक्षा ओळखीचं झालं होतं.

खरा ताप आला तो 2006 साली, चिकुनगुन्याचा. मोल्डिंग शॉपमधली धडधाकट माणसं वाकून, गुडघे धरून गेटातून आत यायची. वाळू ठोकायच्या रॅमरची मूठ आवळता येत नव्हती. ताप आठवड्यात गेला तरी सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. त्या साली मात्र कुणी कुणाला सर्टिफिकेट मागितलं नाही, कारण मागणारा साहेबही भिंत धरून चालत होता.

एरवी रजेचं गणित वेगळं. लोक म्हणतात, कामगार खोटं बोलून दांड्या मारतात. बोलतात खोटं, मी नाही म्हणत नाही. रोज ऐकत होतो. पण का बोलतात ते कळायला कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं. 1948 चा फॅक्टरी कायदा मी पाठ केला होता, नोकरीचाच भाग तो. त्यात आजारपणाची अशी वेगळी रजाच नव्हती. वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. ती हवी तर 15 दिवस आधी अर्ज, आणि वर्षातून फार तर तीनदा. आजारी असाल तर मात्र 15 दिवसांची अट नव्हती. म्हणजे ऐन वेळी रजा पाहिजे असेल तर उघडं दार एकच, आणि त्या दारावर ‘आजारी’ अशी पाटी.

आता आमच्याकडची निम्मी माणसं येळ्ळूर, देसूर, किणये, खानापूरकडची. घरी भाताची दोन-तीन एकर तरी शेती. तरणा पाऊस कधी धरणार हे पंधरा दिवस आधी कोण सांगणार? पाऊस लागला, शिवारात पाणी साचलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी लावणी. मग जुलैच्या त्या दहा-बारा दिवसांत माझ्या वहीत पानंच्या पानं ताप. आणि गंमत अशी की चार दिवस चिखलात वाकून रोप लावून आलेला माणूस पाचव्या दिवशी खरोखरच कंबर धरून यायचा. तेव्हा त्याला रजा मागायचं तोंड नसायचं, कारण ताप तर होऊन गेलेला.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी असंच. आमची मिरवणूक रात्रभर चालते, कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती जाईपर्यंत उजाडून ऊन आलेलं असतं. त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला निम्मं शॉप पोटानं आजारी. ज्यासाठी कुणालाच आजारी पडावं लागत नाही असा एक दिवस म्हणजे 1 नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवाची भरपगारी सुट्टी कायद्यानंच आहे. लाल-पिवळा कन्नड झेंडा घेऊन जाणारा आणि सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून काळी पट्टी बांधून सायकल फेरीत जाणारा, दोघांच्याही नावापुढं मी त्या दिवशी एकच खूण करायचो.

तापाच्या लांबीचंही एक कोडं होतं. माझ्या वहीत तीन दिवसांचा ताप जवळजवळ नव्हताच. एक दिवसाचा होता, आठ-दहा दिवसांचा होता. तीन-चार दिवसांत बरा होणारा साधा ताप जगभर आहे, आमच्याच फाउंड्रीत कसा नाही? ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, नियमात उत्तर होतं. आजारपणात पहिल्या दोन दिवसांचं काही मिळत नाही. तिसऱ्यापासून सरासरी रोजाच्या 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवसांपर्यंत. म्हणजे तीन दिवस आजारी पडलेल्याला दोन रोज पदरचे जाऊन तिसऱ्याचे 70 टक्के मिळणार, त्यासाठी दवाखान्यात रांग लावायची, कागद करायचे. कोण करतो? माणूस एक तर दुसऱ्याच दिवशी गोळी घेऊन, अंगात कणकण असताना कामावर यायचा. नाहीतर पडायचंच आहे तर नीट पडू म्हणून आठवडा काढायचा. हे नियम करणाऱ्यांना उठसूट आजारी पडणाऱ्यांना आळा घालायचा असेल. आळा कशाला बसला ते मी वहीत बघत होतो.

त्यावर आमच्या कंपनीचा हजेरी बोनस. महिनाभर एकही खाडा नाही तर 200 रुपये. एक खाडा झाला की पूर्ण गेला. परिणाम असा की महिन्याच्या वीस तारखेपर्यंत खाडा न झालेला माणूस अंगात ताप घेऊन, खोकत, शेजारच्याला तो ताप देत कामावर यायचा. आणि ज्याचा तीन तारखेलाच खाडा पडला, त्याला उरलेला महिना मोकळा. गेलेला बोनस आणखी थोडाच जाणार? एकाच माणसाचे महिने मी लागोपाठ लावून बघितले तर एक महिना कोरा करकरीत, दुसऱ्यात चार खाडे, तिसरा परत कोरा. साहेब लोक म्हणायचे, याची वृत्तीच अशी लहरी. मला ती 200 रुपयांची लहर दिसायची.

2012 च्या सुमाराला एक तरुण मॅनेजर आला. हुशार पोरगा, उद्धट अजिबात नाही. त्यानं कॉम्प्युटरवर ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचं सूत्र बसवलं. वर्षात माणूस किती वेळा गैरहजर राहिला त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि एकूण दिवसांनी गुणायचं. एकदाच आजारी पडून 12 दिवस घरी राहिला तर एक गुणिले बारा, बारा. बारा वेळा एकेक दिवस राहिला तर 144 गुणिले 12, म्हणजे 1728. दिवस दोघांचे सारखेच. सूत्र म्हणतं की तुकड्यातुकड्यांची गैरहजेरी कामाची घडी जास्त मोडते, आणि ते खोटं नाही; ज्यानं लाइन चालवलीय त्याला विचारा. त्याच्या तक्त्यात 500 च्या वर गेलं की नाव लाल.

पहिलंच लाल नाव निघालं कोअर शॉपमधल्या एका बाईचं. आकडा तोच, 1728. कोअर म्हणजे ओतीव मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. तो बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोटभर जाडीचा कोअर भट्टीतून काढून, न मोडता, अंड्यासारखा उचलून ठेवायची. नोटीस टाइप करायची माझ्याकडं आली. मी तारखा बघितल्या. सोमवार नाही, सणाचा दुसरा दिवस नाही, पगाराचा दुसरा दिवस नाही. दांडीबहाद्दरांची जी काही ठरलेली लक्षणं असतात त्यातलं एकही नाही. नुसता ताप, ताप, पोट, ताप.

नोटीस तशीच ठेवून मी घरी गेलो. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर आमची ही दुधाचा खाडा लिहिते आणि नळाला पाणी आलेल्या तारखेला गोल करते. आमच्या भागात तेव्हा आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. राकसकोप आणि हिडकलच्या धरणांत पाणी असायचं, नळात नसायचं. चोवीस तास पाण्याची योजना शहरात 2008 पासून होती, पण ठरावीक भागात. आमच्या गल्ल्या तिच्या बाहेर. पाण्याचा वारही ठरलेला नसे. कधी सातव्या दिवशी, कधी नवव्या, आणि आलं तर सकाळी आठ ते अकरा. ती बाई आमच्याच पलीकडच्या गल्लीतली, पाइपलाइन एकच. चहा पिता पिता सहज तिच्या तारखा आठवल्या आणि कप तसाच ठेवून मी उठलो. नोटिशीचा कागद कॅलेंडरला लावून बघितला. बारांपैकी नऊ तारखांवर आमच्या हीनं गोल केलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिला खिडकीवर बोलावलं. म्हटलं, “अक्का, ताप पाण्याच्या दिवशीच कसा येतोय?”

ती आधी घाबरली, मग हसली. घरात अंथरुणावर पडलेली सासू, नवरा गोव्याला कामाला, पोरं लहान. तीन तास नळाशी उभं राहून हौद, पिंपं, हंडे भरले नाहीत तर पुढचे आठ दिवस टँकर किंवा शेजारणीची मिनतवारी.

“मग सांगायचं नाहीस होय?”

“पाण्याला कोण रजा देतंय ओ? तापाला देतात.”

मी ते मॅनेजरला सांगितलं. तो खरंच भला पोरगा. त्यानं कोअर शॉपच्या फोरमनशी बोलून तिला पाण्याच्या दिवशी बारा वाजता यायची मुभा दिली, तेवढे तास शनिवारी भरून काढायचे. पुढच्या वर्षभरात तिचे खाडे तीन. तिन्ही वेळा खरा ताप होता, मी शपथेवर सांगतो. पुढं तो मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेला, नवा आला, त्यानं ‘एकीला दिलं तर सगळ्या मागतील’ म्हणून मुभा काढली. सगळ्या मागत होत्याच, त्यातही खोटं नव्हतं. तिचा ताप परत सुरू झाला.

मोल्डिंगमध्ये दोन शिफ्टना दोन फोरमन होते. वाळू तीच, धग तीच, बॉक्सचं वजन तेच, माणसंही दर आठवड्याला अदलाबदल होणारी. एकाच्या शिफ्टला खाडे भरमसाट, दुसऱ्याच्या कमी. मला आधी वाटलं दुसरा कडक असेल. उलट होतं. ज्याची कंबर धरलीय त्याला तो दुसरा फोरमन दिवसभर वाळू तपासायला बसवायचा, नाहीतर पॅटर्नला रंग द्यायला. पहिल्याचं म्हणणं, “करायचं तर पुरं काम कर, नाहीतर घरी जा.” मग माणूस घरी जायचा, आणि गेला की एकदम दोन दिवस.

पुढं कधीतरी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाबद्दल वाचलं. दुसऱ्या फेरीत, 1985 पासून, 10,308 नोकरांचा माग ठेवला. तिथं ना वाळू ना भट्टी, सगळे खुर्चीवर बसणारे. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सगळ्यात वरच्यांच्या सहापट निघाल्या. आणि कामावर आपली सत्ता किती, कधी थांबायचं, कसं करायचं हे ठरवणं आपल्या हातात किती, याचा त्याच्याशी संबंध सापडला. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडं साहेबांची पाठ दुखली तर ते अकरा वाजता गाडी काढून डॉक्टरकडं जायचे आणि एक वाजता परत यायचे. मोल्डरची पाठ दुखली तर त्याचा दिवस जायचा. आणि साहेबांचं मुळी मस्टरच नव्हतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. प्रकृती बरी नसतानाही तीन वर्षांत एकही रजा न घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराचे गंभीर झटके, तशाच प्रकृतीच्या पण अधूनमधून रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट.

कडोलीकडचा एक मोल्डर होता आमच्याकडं. मी त्याला मामा म्हणायचो. अकरा वर्षं त्याचा एकही खाडा नाही. दर 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की त्याचं नाव पुकारलं जायचं, टाळ्या, आणि भिंतीवरचं घड्याळ. घरात घड्याळं किती झाली विचारलं तर म्हणायचा, “मोजली नाहीत, सगळी वेगवेगळी वेळ दाखवतात.” दोन पोरींची लग्नं व्हायची होती, 200 रुपये सोडणं त्याला परवडत नव्हतं. खोकायचा. पोअरिंगच्या, म्हणजे साच्यात वितळलेलं लोखंड ओतायच्या, वेळी धूर झाला की लांब जाऊन, खांबाला टेकून, एक हात छातीवर ठेवून खोकायचा, आणि परत यायचा. फाउंड्रीत कोण खोकत नाही म्हणून आम्ही कुणी विचारलं नाही. खोकला फार झाला की गावातल्या डॉक्टरकडून संध्याकाळी सुई घ्यायचा आणि सकाळी सातला गेटवर हजर.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी तो खिडकीवर आला. मी ओळखलं ते आवाजावरून. वाक्य पुरं करायला त्याला मध्ये थांबावं लागत होतं. एक्स-रे झाला होता. सिलिकाच्या धुळीनं फुप्फुस असं झालं की ते परत होत नाही, औषध असं नाही, हे त्याला सांगून झालं होतं. आता नुकसानभरपाईसाठी कुणीतरी त्याला आधीचे कागद आणायला सांगितलं होतं: केव्हापासून त्रास, किती वेळा रजा, कुठले उपचार.

मी कपाटातून त्याची फाइल काढली. दवाखान्याची चिठ्ठी एक नाही, सर्टिफिकेट एक नाही. माझ्या वहीत अकरा वर्षं त्याच्या नावापुढं कारणाचा रकाना कोरा. कागदावर फाउंड्रीतला सगळ्यात निरोगी माणूस तोच होता. अकरा प्रशस्तिपत्रकं मात्र होती, कार्बन कॉपीसकट. ती मी त्याला दाखवली. का दाखवली कुणास ठाऊक. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “असू दे की.” मग टोपी सारखी करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन मी नेहमीसारखा बसमध्ये चढलो. उद्यमबागेचा स्टॉप आला. कंडक्टरनं ओळखीनं माझ्याकडं बघितलं. मी उठलोच नाही. मच्छे गेलं, देसूर फाटा गेला, खानापूर आलं. मलप्रभेच्या घाटावर जाऊन बसलो. पाणी कमी होतं, बायका धुणी धूत होत्या. दुपारी तिथंच डबा खाल्ला आणि संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या हिशेबानं घरी आलो. हीला काही सांगितलं नाही.

ती वही अजून तिथल्या कपाटात असेल. त्या तारखेला माझ्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय: ताप. खाली अर्जदाराची सही माझी, आणि ‘कारण तपासले’ याच्यापुढचीही माझीच.